परदेशी रिसॉर्ट निवडताना देश सगळ्यात शेवटी ठरवा

प्रश्न उदगीरच्या एका ताईंचा आहे. मुलगा साडेचार वर्षांचा, मुलगी सोळा महिन्यांची, सोबत सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. देशाबाहेर पहिल्यांदाच जाणार. भाऊबीज झाली की निघायचं, नाही जमलं तर मे महिन्यात. एजंटाने दोन पॅकेजं दिली आहेत: मालदीवचा वॉटर व्हिला, चार रात्री, किंवा थायलंडचं फुकेत बेट. यातलं कोणतं घ्यावं, की बाली, मॉरिशस, दुबई बघावं? आणि शेवटी एक ओळ: घरात आम्हा कुणालाच पोहता येत नाही.

ताई, ही शेवटची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं तेच आहे. त्या एका ओळीने एजंटाचं पहिलं पॅकेज बाद होतं.

वॉटर व्हिला म्हणजे समुद्रात खांबांवर उभी केलेली खोली. बाहेर लाकडी डेक, डेकवरून थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, आणि बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही, कारण कठड्याने फोटो बिघडतो. नव्या लग्नाच्या जोडप्यांसाठी ती जागा छान. सोळा महिन्यांचं लेकरू मात्र दिवसभर त्या सरकत्या काचेच्या दाराशी जाणार, कुणीतरी दार उघडं टाकणार, आणि तुम्ही चार दिवस दाराची राखण करत बसणार. म्हणूनच मालदीवमधली कित्येक रिसॉर्टं लहान मुलांना वॉटर व्हिला देत नाहीत, काही ठिकाणी बारा वर्षांखाली सरळ नकार आहे. एजंटाला एवढंच म्हणा, "या खोलीसाठी वयाची अट काय, ते रिसॉर्टकडून लेखी आणून द्या." त्याने ते विचारलेलंच नसणार, असा माझा अंदाज आहे.

मालदीव मुळातच वाईट, असं नाही. वाळूवरचा बीच व्हिला आणि राजधानी मालेहून अर्ध्या-पाऊण तासाच्या स्पीडबोटीवरचं बेट घेतलं, तर लेकरांसह जाता येतं. लांबच्या बेटावर सीप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जावं लागतं आणि ते फक्त दिवसाउजेडी उडतं. तुमचं विमान दुपार कलल्यावर मालेला उतरलं, तर रात्र माले किंवा विमानतळाजवळच्या हुलहुमालेत काढायची, म्हणजे चारपैकी एक रात्र गेलीच. सीप्लेनला सामानही साधारण वीस किलो आणि हातात पाच किलो एवढंच चालतं. दोन लेकरांच्या डायपर-दुधातच ते भरतं. शिवाय लेकराला रात्री ताप चढला तर त्या बेटावर रिसॉर्टचा जो डॉक्टर असेल तोच. मोठ्या दवाखान्याला जायला बोट किंवा सकाळचं सीप्लेन.

पैशाचंही बघा. मालदीवच्या दरापुढे दोन अधिकची चिन्हं असतात. त्यांचा अर्थ, यावर दहा टक्के सेवा शुल्क आणि वर पर्यटन जीएसटी. तो जुलै २०२५ पासून सतरा टक्के आहे. म्हणजे शंभर डॉलर लिहिलेली गोष्ट एकशे एकोणतीस डॉलरला पडते. जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये माणशी, दर रात्री बारा डॉलर हरित कर आहे. दोन वर्षांखालच्या बाळाला तो माफ. तुम्ही तीन मोठी माणसं आणि मुलगा धरला तर चार रात्रींचे एकशे ब्याण्णव डॉलर निव्वळ या कराचे. पॅकेजच्या कागदावर हे सगळं धरलंय की तिथे गेल्यावर द्यायचंय, ते आधी विचारा.

आता माझी पद्धत सांगते. मराठवाड्यातली कुटुंबं आमच्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न "कोणता देश?" हाच असतो. लेकरं पाच वर्षांच्या आतली असली की मी तो प्रश्न बाजूला ठेवते. आधी महिना, मग घरापासून खोलीपर्यंतचे तास, मग पाणी, खोली, जेवण. एवढं जुळलं की देश आपोआप एक-दोनच उरतात. धाकटीला बाली काय आणि मॉरिशस काय. खोलीपासून शंभर पावलांत काय आहे, तेवढाच तिचा परदेश.

महिना. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कुठेही येते आणि या एका महिन्याच्या फरकाने उत्तर बदलतं. फुकेतचा पावसाळा मे ते ऑक्टोबर, त्यातही सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात ओले. त्या काळात पश्चिम किनाऱ्यावर लाटा आणि ओढ इतकी असते की किनाऱ्यावर लाल बावटे लागतात. नोव्हेंबर लागला की समुद्र शांत होत जातो. म्हणजे दिवाळी उशिराची असेल तर फुकेत चालेल, ऑक्टोबरातली असेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. स्वस्त त्यामुळेच मिळतं. बालीचा पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि एप्रिल ते ऑक्टोबर कोरडे. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली, त्यामुळे ऋतू उलटे. ऑक्टोबर-नोव्हेंबर तिथे कोरडे आणि उबदार, वादळांचा खरा जोर जानेवारी ते मार्च. दुबईचं हवामान नोव्हेंबरपासून सुखाचं होतं. मे महिन्यात दुबई स्वस्त दिसतं, पण तिथला मे आपल्या परभणी-नांदेडच्या मे महिन्याहून वेगळा नाही, वर दमटपणा जास्त. उन्हातून पळून उन्हातच जायचं असेल तर जा.

मे महिनाच जमत असेल तर बाली बघा, किंवा थायलंडच्या दुसऱ्या बाजूचं को सामुई बेट. फुकेतला पाऊस असतो तेव्हा सामुईला बहुतेक कोरडं असतं. त्याचा पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर. श्रीलंकेतही तसंच. मे महिन्यात बेंटोटाकडची नैर्ऋत्य बाजू टाळायची आणि पूर्वेच्या पासिकुडाला जायचं. तिथला उपसागर फार दूरपर्यंत उथळ आहे, आणि श्रीलंकेचं घड्याळ आपल्याशी मिनिटाला मिनिट जुळतं. लेकरांच्या झोपेला हे फार मोलाचं आहे.

पण तुमच्यासाठी दिवाळी आणि मे यांत आणखी एक फरक आहे. दिवाळीत धाकटी दोन वर्षांच्या आत असेल. विमानात ती मांडीवर बसेल आणि परदेशी प्रवासात तिचं भाडं मोठ्या माणसाच्या साधारण दहा टक्के अधिक कर एवढंच पडेल. मे महिन्यात ती दोनच्या पुढे जाईल, मग स्वतंत्र सीट आणि जवळपास पूर्ण भाडं. वय परतीच्या तारखेलाही मोजतात हे लक्षात ठेवा. जाताना एक वर्ष अकरा महिने आणि येताना दोन वर्षं पूर्ण, असं झालं तर परतीला सीट घ्यावीच लागते.

आता तास. विमानाचे तास धरू नका. उदगीरच्या घराला कुलूप लावल्यापासून ते लेकरू परदेशातल्या पलंगावर आडवं होईपर्यंतचे तास मोजा. तुम्हाला मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ. बिदर, जहिराबादवरून चार-पाच तासांत शमशाबाद विमानतळ. मुंबईला जायचं म्हणजे रात्रीची रेल्वे, मग स्टेशनवरून विमानतळ, मग तीन तास आधीची रांग. लातूर, नांदेड, हिंगोलीच्या लोकांना मी सवयीने मुंबई धरू नका म्हणते. जालना-संभाजीनगरच्या लोकांचं गणित वेगळं, त्यांना वंदे भारत आहे, समृद्धी महामार्ग आहे, त्यांनी मुंबईच धरावी. हैदराबादहून बँकॉक, सिंगापूर, क्वालालंपूर, दुबई, कोलंबो अशी थेट विमानं आहेत आणि फुकेतलाही सुरू झाली आहेत. वेळापत्रकं ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून आधी विमान बघा आणि मगच रिसॉर्ट पक्कं करा. मॉरिशसचं थेट विमान मुंबईहून, सहा तासांच्या पुढे. सोळा-अठरा महिन्यांचं लेकरू आणि गुडघेदुखीची आजी असताना घराच्या दारापासून खोलीच्या दारापर्यंतचा प्रवास चौदा-पंधरा तासांच्या वर जाऊ देऊ नये, असं माझं मत. त्यापुढे पहिला अख्खा दिवस रडारडीत जातो.

इथे एक खाच आहे आणि ती एजंट सहसा सांगत नाहीत. आपल्याकडून पूर्वेला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात आणि सकाळी पोचतात. खोली मात्र दुपारी दोन-तीनला मिळते. सकाळी आठपासून दुपारपर्यंत झोपमोड झालेली दोन लेकरं आणि आजी रिसेप्शनच्या सोफ्यावर. एकतर दिवसाचं विमान घ्या, नाहीतर आदल्या रात्रीपासून खोली बुक करा. "लवकर चेक-इन देण्याचा प्रयत्न करू" या आश्वासनावर विसंबू नका. खोली रिकामी नसेल तर ते तरी कुठून देणार?

विमानात बाळाचा पाळणा फक्त मोठ्या, सीटांमधून दोन वाटा असलेल्या विमानांत मिळतो, तोही पुढच्या भिंतीजवळच्या सीटवर आणि ठरावीक वजनापर्यंत. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या विमानांत तो नसतोच. विमान चढताना-उतरताना लेकराला दूध किंवा पाणी पाजत राहा, कानाचे दडे सुटतात. बाळापुरतं दूध, पेज, उकळलेलं पाणी शंभर मिलिलिटरच्या नियमातून सुटतं. फक्त तपासणीला वेगळं काढून दाखवायचं.

आता पाणी. इथे मी थांबणार आहे, कारण बाकी सगळं चुकलं तर पैसे जातात. हे चुकलं तर भरपाई नाही.

आपल्या आजोबांच्या पिढीला कमरेला वाळका भोपळा बांधून विहिरीत ढकललं की पोहणं यायचं. आता विहिरी आटल्या, नद्या वर्षातले बरेच महिने कोरड्या, आणि लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आपल्या लेकरांना छातीएवढं पाणी बऱ्याचदा पहिल्यांदा दिसतं ते रिसॉर्टच्या पूलमध्येच. त्यांना पाण्याची भीती नसते आणि आपल्याला पोहता येत नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार बुडून मरण्याचं प्रमाण जगभर एक ते चार या वयात सगळ्यात जास्त आहे. तुमची दोन्ही लेकरं या वयाच्या आतबाहेर आहेत. बुडणारं लेकरू ओरडत नाही, हात हलवून बोलवत नाही. तोंड पाण्याखाली गेलं की आवाजच निघत नाही, आणि हे एक-दोन मिनिटांत होतं, चार माणसं बाजूला गप्पा मारत असताना.

म्हणून रिसॉर्टला ईमेल करून पूलबद्दल नेमकं विचारा. लेकरांचा पूल वेगळा आहे की मोठ्या पूललाच जोडलेला? जोडलेला असेल तर मधे भिंत आहे की तळ घसरत खोल होतो? उथळ पूलची खोली किती सेंटिमीटर? तीस-चाळीस असेल तर तुमच्या धाकटीला ठीक. साठ असेल तर तिच्या छातीच्या वर. पूलला कुंपण आणि फाटक आहे का? जीवरक्षक आहे का, आणि किती ते किती वाजेपर्यंत? बऱ्याच रिसॉर्टांत "पूल अटेंडंट" असतो, त्याचं काम टॉवेल देणं. तो जीवरक्षक नव्हे. आणि अंगरख्यासारखं घालायचं लाइफ जॅकेट लेकरांच्या मापात मिळतं का? दंडावर घालायचे हवेचे फुगे हे खेळणं आहे, ते निसटतात, फुटतात. त्यांच्या भरवशावर कुणी लांब बसू नये.

तुमच्या घरात तीन मोठी माणसं आहेत. सासूबाईंना लेकरांवर नजर ठेवायला सांगू नका, त्यांना धावता येणार नाही. तुम्ही आणि मुलांचे बाबा, दोघांनी पाळी लावून घ्या. ज्याची पाळी तो पाण्यात, लेकरापासून हाताच्या अंतरावर, आणि त्याच्याकडे मोबाइल नाही. फोटो दुसऱ्याने काढावेत. कंबरभर पाण्यात उभं राहून लेकरू धरायला पोहता यावं लागत नाही, म्हणून कंबरेच्या पुढे कुणी जायचंच नाही. निघायला अजून वेळ आहे, तोवर जवळपास जलतरण तलाव असेल तर मुलाच्या बाबांना पाठवाच. पोहणं नाही आलं तरी पाण्यात तोल सावरणं येईल.

समुद्राचंही तसंच नीट बघायचं. प्रवाळाच्या भिंतीने अडवलेला किनारा असेल तर लाटा बाहेरच फुटतात आणि आत संथ, उथळ पाणी राहतं. मॉरिशसच्या बहुतेक किनाऱ्याला अशी भिंत आहे, म्हणूनच लहान लेकरांसाठी मी त्याचं नाव वर ठेवते. त्यातही उत्तरेचं त्रू ओ बिश किंवा पश्चिमेचं फ्लिक आँ फ्लाक बरं; पूर्वेला मे ते सप्टेंबर वारा फार. फक्त पायात रबरी बूट हवेत, प्रवाळाने पाय कापतो आणि विषारी काट्यांचा दगडमासा वाळूत दिसत नाही. बालीत नुसा दुआ आणि सानूरचं पाणी भिंतीआड असल्यामुळे शांत. कुटाचा किनारा लाटांवर खेळणाऱ्यांचा, तुमचा नाही. सानूरला ओहोटीला पाणी इतकं आत जातं की घोटाही बुडत नाही, ते लेकरांना आवडतं आणि मोठ्यांना फसवल्यासारखं वाटतं.

फुकेतमध्ये विमानतळाजवळ माय खाओ नावाचा लांबच लांब किनारा आहे. तिथे लेकरांसाठी घसरगुंड्या, मोठे पूल असलेली देखणी रिसॉर्टं आहेत. पण तिथली वाळू पाण्यात शिरताच एकदम खोल होते, समुद्रात उतरायची ती जागा नाही. समुद्र दुरून बघायचा आणि पूलमध्ये खेळायचं, असं ठरवूनच तिथे जा. त्याच्या दक्षिणेला लागून नाय यांगचा किनारा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतो, झाडांची सावली आहे, विमानतळापासून दहा-पंधरा मिनिटं, आणि नोव्हेंबरनंतर पाणी शांत. त्याच्या खालचा बांग ताओही चालेल. काता-करोन छान आहेत, पण विमानतळापासून तास-सव्वा तास लागतो, आणि तिथली कित्येक हॉटेलं डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेली आहेत. आजींच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. पातोंगचं नाव एजंटाच्या कागदावर असेल तर ते खोडून टाका. रात्रभर गाणी आणि दारूचे अड्डे, लेकरं झोपायची नाहीत.

खोलीबद्दल. तीन मोठी आणि दोन लहान माणसं एका साध्या खोलीत बसत नाहीत, आणि हे काउंटरवर कळलं तर दुसरी खोली त्यांच्या भावाने घ्यावी लागते. बुकिंग करतानाच दोन्ही लेकरांची वयं घाला, "लहान आहेत, चालतात" म्हणून सोडू नका. तुमच्यासाठी दोन मार्ग: दोन पलंगखोल्यांची फॅमिली सूट, किंवा आतून दार असलेल्या दोन खोल्या. नुसत्या शेजारी-शेजारी खोल्या वेगळ्या आणि आतून जोडलेल्या खोल्या वेगळ्या. कागदावर "जोडलेली खोली, हमीसह" असं लिहून घ्या. "विनंती नोंदवली आहे" याला अर्थ नाही. आजी नातवाला घेऊन एकीकडे, तुम्ही धाकटीसह दुसरीकडे, म्हणजे आठ वाजता दिवा मालवून पाच माणसांनी अंधारात बसायला नको.

तळमजला किंवा लिफ्ट बघा. पण तळमजल्याची खोली दारातून सरळ पूलमध्ये उतरणारी असेल तर नको. ती फार खपते आणि कागदावर आकर्षक दिसते, तुमच्यासाठी ती वॉटर व्हिलाचीच धाकटी बहीण. वरच्या मजल्यावर बाल्कनी असेल तर कठड्याच्या गजांमधलं अंतर बघा आणि पोचल्या पोचल्या तिथली खुर्ची-टेबल आत आणा. आजींसाठी टबात चढून अंघोळ करायची नसेल अशी, उभ्याने वापरायची न्हाणी मागा. बादली आणि मग मागितला तर बरीच हॉटेलं देतात, लाजू नका. बाळाची खाट बहुतेक ठिकाणी फुकट असते, आधी सांगावं लागतं.

जेवण. "ऑल इन्क्लुझिव्ह" ऐकून लोक खूश होतात. त्या दरात मोठा वाटा दारूचा असतो. तुमच्या घरात कुणी घेत नसेल तर तुम्ही शेजारच्या टेबलाचं बिल भरताय. नाश्ता आणि रात्रीचं जेवण, एवढंच घ्या. दुपारी लेकरं झोपलेली असतात आणि दही-भात, फळं, ब्रेड यांवर भागतं. सहा किंवा बारा वर्षांखालच्या मुलांचं जेवण मोठ्यांबरोबर फुकट, असा नियम खूप ठिकाणी असतो, तो विचारून घ्या.

सासूबाई शाकाहारी असतील असं धरते. थायलंडमध्ये "व्हेज" म्हणून आलेल्या भाजीत माशाचा रस किंवा कालवांचा सॉस असतो. त्यांच्या लेखी तो मसाला आहे. तिथे कडक शाकाहाराला "जे" म्हणतात, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेलं असतं. "जे" म्हटलं की मासा-मांस, अंडी, दूध, कांदा-लसूण सगळं जातं. मॉरिशसमध्ये हा त्रास कमी. तिथे भारतीय वंशाची वस्ती मोठी आहे, मराठी मुळाची घरंही आहेत, रस्त्यावर मिळणारी धोल पुरी ही आपल्या पुरणपोळीची तिखट मावसबहीण लागते. बाली आणि व्हिएतनाममध्ये साधा पांढरा भात सगळीकडे, पण वरणाचा घास शोधावा लागतो.

सोबत काय न्यावं, याला आपल्याकडे उत्तर तयारच असतं: धपाटे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजून दळलेलं मुगाच्या खिचडीचं पीठ. यातलं चटणी-मेतकूट आणि पीठ नेहमी न्या, गरम पाण्यात दहा मिनिटांत लेकरांचं पोट भरतं. तूप मोठ्या बॅगेत. दोन गोष्टी मात्र घरीच ठेवा. अख्ख्या वाळल्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत. खोबऱ्यात तेल भरपूर, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. आणि दुबईचं ठरलं तर दिवाळीचे अनारसे, खसखस घातलेले लाडू, खसखशीची पुडी, यातलं काहीही नेऊ नका. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या यादीत आहे. सिंगापूरही याबाबतीत कडक. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या अमिरातीत परवानगीशिवाय चालत नाहीत. आजींच्या गुडघ्याच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरकडून इंग्रजीत लिहून घ्या, देश कोणताही असो.

लेकरांच्या औषधांचं तुमचे बालरोगतज्ज्ञ सांगतील. वजनाप्रमाणे तापाच्या औषधाची मात्रा आणि लसी त्यांच्याकडूनच बघून घ्या, ओआरएसची पाकिटं न्या. बालीत कुत्र्यांमध्ये रेबीज आहे आणि उबुदच्या माकडवनातली माकडं हातातलं हिसकावतात, चावतात. धाकटीला तिथे नेऊ नका, बाकी बाली भरपूर मोठं आहे.

किड्स क्लबवर, म्हणजे रिसॉर्टमधल्या मुलांच्या खेळघरावर भुलू नका. बहुतेक ठिकाणी चार वर्षांपासून पुढच्या मुलांनाच एकटं ठेवून घेतात, त्याखाली आई-बाप सोबत हवेत. तुमचा मुलगा बसेल, मुलगी नाही. मुलालाही तिथली भाषा कळणार नाही. तास-दीड तास रमला तर पुरे.

कागदपत्रं लगेच सुरू करा. लेकरांचे पासपोर्ट पाच वर्षांचेच निघतात, आठ वर्षांखाली शुल्कात दहा टक्के सूट आहे. चार वर्षांखालच्या बाळाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो तुम्हीच न्यायचा. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्म दाखलाच लागतो, दुसरा पुरावा चालत नाही, तेव्हा नगरपालिकेच्या दाखल्यावरचं नाव आणि स्पेलिंग आईबापाच्या पासपोर्टशी आताच ताडून बघा. आपल्याकडे फॉर्म भरणारे आडनावाचा रकाना रिकामा ठेवून सगळं नाव एकाच ओळीत टाकतात. तसं होऊ देऊ नका. अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून एकेरी नावाच्या पासपोर्टवर पर्यटकांना अडवायला सुरुवात केली आहे. प्रवासाच्या तारखेला सगळ्यांच्या पासपोर्टला सहा महिने शिल्लक हवेत. थायलंडला १ मे २०२५ पासून ऑनलाइन आगमन कार्ड लागतं, पोचण्याच्या तीन दिवस आत भरायचं, लेकरांचंही वेगळं. व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून पैसे भरायच्या दिवशी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः वाचा.

मग घ्यायचं काय? दिवाळी नोव्हेंबरात असेल तर मी फुकेत घेईन, पण एजंटाचं नाही. हैदराबादहून थेट विमान, नाय यांग किंवा बांग ताओ, सपाट आवाराचं रिसॉर्ट, आतून जोडलेल्या दोन खोल्या, नाश्ता आणि रात्रीचं जेवण, पाच रात्री एकाच ठिकाणी. बेटांच्या बोटसहली काढून टाका. स्पीडबोट आपटत जाते, मांडीवरच्या बाळाला आणि आजींच्या कंबरेला ते सोसत नाही. एक अर्धा दिवस गाडीने फिरा, गाडीत लेकराची सीट आधी मागा. दिवाळी ऑक्टोबरात आली, किंवा हैदराबादचं विमान जुळलं नाही, तर मॉरिशस. मुंबईपर्यंतची दगदग जास्त, पण आदली रात्र मुंबईत काढली तर निभतं. भारतीयांना तिथे व्हिसा पोचल्यावर फुकट मिळतो आणि आजींना जेवायला त्रास होणार नाही. मे महिन्यावर गेलात तर श्रीलंकेचं पासिकुडा.

पैसे भरताना शेवटचं. परत मिळणारा दर घ्या, थोडा महाग असला तरी. या वयाच्या लेकरांना निघायच्या आदल्या दिवशी ताप येतो हे गृहीत धरा. विमा घेताना धाकटीचं वय पॉलिसीत बसतं का आणि ताप-जुलाबासाठी नुसतं डॉक्टरला दाखवल्याचा खर्च मिळतो का, ते बघा. पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतात, दर अर्थसंकल्पाप्रमाणे बदलतो. पावतीवर ज्याचा पॅन असेल त्याच्या आयकर विवरणपत्रात तो वळता होतो, म्हणून पैसे ज्याचं विवरणपत्र भरलं जातं त्याच्याच खात्यातून द्या. आणि तुमच्या एजंटाला आगाऊ रक्कम दिली असेल तर घाबरू नका. मालदीवची तारीख अजून लांब असेल तर रिसॉर्ट सहसा बदलून देतं. फोनवर बोलू नका, ईमेल करा, आणि "रद्द करायचंय" असं न लिहिता आधी "लेकरांच्या वयाची अट" विचारा. अट असेल आणि त्याने ती सांगितली नसेल, तर पैसे परत मागायला तुमच्याकडे लेखी कारण तयार झालं.